अजिंठ्याचं रफू आणि घरातला फोटो



आपल्याकडे घरोघरी बैठकीच्या भिंतीवर एक-दोन हार घातलेले फोटो असतात. त्यातले कितीतरी दुरुस्त करून घेतलेले असतात. चेहरा घेतलेला असतो कुठल्यातरी कार्डावरून, मागे निळं आभाळ, आणि ज्या माणसानं जन्मभर धोतर-पटका सोडून काही घातलं नाही त्याच्या अंगात काळा कोट आणि टाय. आजी-आजोबांनी जोडीनं फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून त्यांना शेजारी बसवलेलं असतं. आजी हयातीत कधी आजोबांच्या शेजारी खुर्चीत बसली असेल का, हा प्रश्न वेगळाच! फोटोवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "काही नाही हो ताई, कॉम्प्युटरवर क्लोन मारलाय."

आज याच क्लोन मारण्याबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात कॉम्प्युटरपासून नको. जुन्या चित्रातला गेलेला भाग भरायचा की तसाच ठेवायचा, भरायचा तर कशानं भरायचा, हा वाद आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या लेण्यांत, दोनशे वर्षं चालू आहे. फोटोवाल्याच्या दुकानात जे प्रश्न आपल्याला सुचतही नाहीत, ते तिथं मोठमोठ्या माणसांना पडले, आणि त्यातल्या काहींची उत्तरं फार महागात पडली.

लेणी आहेत सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ, वाघूर नदीनं घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय त्या कड्यात. सगळ्यांत जुनी चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची. बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. ती कशी काढली हे ज्या बाईनं मातीचं घर सारवलंय तिला लगेच कळेल. आधी खडकावर मातीचा गिलावा. मातीत भाताचं तूस, गवत, झाडाचे तंतू कालवलेले, म्हणजे भेगा पडू नयेत. त्यावर पोतारा द्यावा तसा चुन्याचा पातळ हात. तो वाळला की त्यावर चिकट पाण्यात कालवलेले रंग. लाल आणि पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, आणि निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. ओला हात लागला तरी तो हलतो. गिलाव्याच्या मागे पाणी झिरपलं की पोपडा सुटतो आणि चित्रासकट खाली येतो.

२८ एप्रिल १८१९ या दिवशी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली. दहा नंबरच्या लेणीत त्यानं बुद्धाच्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरं आजही तिथं आहेत, पण आपल्या डोक्याच्या वर. कारण तेव्हा लेणीत माणूसभर राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. नंतर येणाऱ्यांनी नावं कोरली, धूर केला, काहींनी तर चित्रांचे तुकडे सोलून नेले.

मग ठरलं की चित्रं नाहीशी व्हायच्या आत त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं हे काम मेजर रॉबर्ट गिलकडे दिलं. गिल अजिंठा गावात बारादरीत राहायचा, आणि वर्षानुवर्षं त्यानं लेण्यांतल्या अंधारात बसून मोठमोठ्या कापडांवर प्रती रंगवल्या. त्याच्या पारोची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तिची कबर अजिंठा गावात आहे, वर १८५६ साल आहे. गिलनं पाठवलेल्या प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि बोटावर मोजण्याइतक्या सोडून सगळ्या जळाल्या. त्यानं पुढं कॅमेराही हातात घेतला होता, आणि १८६४ साली त्याच्या फोटोंचं पुस्तक निघालं. त्या वेळचा फोटो मात्र काळा-पांढरा. अजिंठ्याचा रंग त्यात कुठून येणार?

दुसरी फेरी मुंबईच्या जे. जे. कला शाळेची. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ दरम्यान थंडीत इथं येऊन राहात. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाला आलेले चित्रकार त्यातलेच. या मंडळींनी सुमारे तीनशे प्रती केल्या. १८८५ साली लंडनमधल्या वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात आग लागली, त्यात शंभराहून जास्त गेल्या. गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या मिळून दीडशेवर प्रती आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

आगी कुणी मुद्दाम लावल्या नव्हत्या. पण याच काळात लेण्यांत एक काम झालं ते मुद्दाम केलेलं होतं, आणि चांगल्या हेतूनं केलेलं होतं. धुळीनं आणि धुरानं मळलेली चित्रं अंधारात नीट दिसत नव्हती. कोरडा गोटा पाण्यात बुडवला की त्याचा रंग कसा खुलतो, तसा रंग खुलावा म्हणून भिंतीवरच्या मूळ चित्रांना व्हार्निश फासण्यात आलं. तेवढ्यापुरतं चित्र झळकलं, प्रत चांगली उतरली. व्हार्निश मात्र भिंतीवरच राहिलं. ते पिवळं पडलं, तडकलं, आणि तडकताना खालचा रंग ओढून घेऊ लागलं.

१९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे एक बाई इथं तंबू ठोकून राहिल्या, लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम. अंड्याच्या बलकात रंग कालवून काढायची जुनी पद्धत इंग्लंडमध्ये पुन्हा चालू करणाऱ्यांत त्या होत्या, बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढणाऱ्यांतही होत्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असित हालदार अशी तरुण मुलं आली होती आणि हैदराबादहून सय्यद अहमद. हेच सय्यद अहमद पुढे अजिंठ्याची देखरेख करणारे झाले. त्यांच्या प्रतींचं पुस्तक १९१५ साली लंडनला निघालं.

तेव्हा आपला हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांना कळून चुकलं होतं की नुसत्या प्रती करून भागणार नाही, भिंतच पडतेय. म्हणून इटलीहून दोन जाणकार बोलावले, लोरेन्झो सेकोनी आणि काउंट ओर्सिनी. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी काम केलं. सुटलेल्या गिलाव्याच्या मागे चिकट द्रव्य सोडून तो खडकाला पुन्हा धरवला, तुटक्या कडा बांधून घेतल्या, चित्रं पुसून घेतली. आणि शेवटी वरून शेलॅकचा हात दिला. शेलॅक म्हणजे आपली लाख. बांगड्यांची लाख असते ना, तीच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली.

पुढची गोष्ट तुम्ही ओळखली असेल. लाखेचा थर हळूहळू तपकिरी झाला, त्यानं धूळ आणि वटवाघळांची घाण धरून ठेवली. तो थर काढण्याचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ कित्येक दशकं करत आले आहेत, इंच इंच करून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली नऊ आणि दहा नंबरच्या लेण्यांत असं काम झालं, तेव्हा काळवंडलेल्या थराखालून अगदी जुन्या काळातले चेहरे पुन्हा दिसायला लागले.

मला सेकोनींना सरसकट दोष देणं जमत नाही. त्यांनी गिलावा धरवला नसता तर आज जे आहे त्यातलं बरंचसं आपण पाहिलंच नसतं. पण त्यांच्या एकाच कामात दोन वेगळे हात होते. एक हात होतं ते धरून ठेवणारा. दुसरा हात आहे ते अधिक छान दिसावं म्हणून वरून काही देणारा. पहिल्याचे उपकार राहिले, दुसऱ्याचं पाप पुढच्या तीन पिढ्यांनी खरवडलं.

पुढे इटलीतच यावर फार विचार झाला. दुसऱ्या महायुद्धात तिथली चर्चमधली चित्रं बॉम्बनं फुटली, आणि रोमच्या संस्थेत चेझारे ब्रांडी यांनी एक रीत बसवली. गेलेली जागा भरायची, पण बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून पाहिलं तर चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात, आणि कळतं की हे मूळ नाही, नंतर भरलेलं आहे. लपत नाही असं रफू.

आता फोटोकडे येऊ. फोटो म्हणजे खरं, चित्र म्हणजे कल्पना, असं आपल्याला वाटतं. पण फोटोवर हात फिरवणं हे फोटोइतकंच जुनं आहे. आधी काचेवर उलटा फोटो उतरायचा, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तिला निगेटिव्ह म्हणत. चेहऱ्यावरची सुरकुती या काचेवर पारदर्शक रेघ म्हणून यायची. कारागीर काच तिरक्या चौकटीत ठेवून खालून आरशानं उजेड द्यायचा आणि अणकुचीदार शिसपेन्सिलीनं ती रेघ भरून काढायचा. कागदावर छापलं की सुरकुती गायब. नको असलेला काळा भाग पात्यानं खरवडायचा. मोठमोठ्या स्टुडिओंत या कामाला वेगळी माणसं असत.

निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे त्या काळातलं मोठं नाव. वेरूळचे, दौलताबादचे, औरंगाबादचे त्यांनी काढलेले फोटो आजही अभ्यासाला लागतात. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत फक्त बायकांसाठी एक स्टुडिओ काढला, जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर बसता येत नसे, म्हणून आत सगळ्या बायकाच, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. फोटो कुणाच्या नजरेनं निघतो आणि कुणाच्या हातात जातो, याची काळजी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बायकांनाही होती. आज आपल्या फोटोवर कोण हात फिरवतं हे आपल्याला ठाऊक तरी असतं का?

कॉम्प्युटर आला आणि पेन्सिलीची गरज संपली. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं. गंमत ऐका. हे यंत्र काय करू शकतं ते लोकांना दाखवायला जॉन नॉलनं जो फोटो वापरला तो त्याच्या होणाऱ्या बायकोचा होता. १९८८ सालचा, समुद्राकाठी पाठमोरी बसलेली, समोर बेट. तो लोकांसमोर त्या एका बेटाची दोन बेटं करून दाखवायचा, आणि तिच्याही दोन प्रती करायचा. म्हणजे क्लोनची पहिली प्रात्यक्षिकं एका बाईच्या फोटोवर झाली. इथं नवऱ्याचं प्रेम होतं. पुढे जगभरच्या बायकांच्या फोटोंवर जे झालं त्यात प्रत्येक वेळी ते नव्हतं.

क्लोन म्हणजे नेमकं काय? रफूगर पाहिला असेल तर सोपं आहे. चांगला रफूगर बाहेरचा धागा आणत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि भोकावर विणतो, म्हणून जोड दिसत नाही. क्लोनमध्येही तसंच. फोटोतली एक चांगली जागा खुणेनं निवडायची आणि ब्रश फाटलेल्या जागी फिरवायचा. निवडलेल्या जागेचे ठिपके जसेच्या तसे तिथं उमटतात. साडीचा काठ तुटलाय, तर शेजारच्या काठावरून. भिंतीवर डाग पडलाय, तर बाजूच्या भिंतीवरून. २००२ साली यात हीलिंग ब्रश आला. तो नुसते ठिपके उचलत नाही, जिथं बसवायचे तिथल्या उजेडाशी आणि रंगाशी जुळवूनही घेतो. आता तर फोनमध्ये एक बोट फिरवलं की नको ते पुसलं जातं आणि मागचं फोन स्वतःच ठरवून भरतो.

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीत छतावर हंसांची एक ओळ आहे, २३ हंसांची. पहिल्यांदा पाहताना सगळे एकसारखे वाटतात. नीट पाहिलं तर एकाची मान वळलेली, एकाचे पंख पसरलेले, एक मागे वळून बघतोय. एकही दुसऱ्यासारखा नाही. समजा त्यातला एक हंस झडून गेला असता, तर क्लोन मारून शेजारचा तिथं बसवणं हे मिनिटाचं काम. कुणाला कळलंही नसतं. पण चित्रकारानं जी एक वेगळी मान काढली होती ती कायमची गेली असती, आणि तिच्या जागी खोटी साक्ष बसली असती. छतावरची नक्षी, चौकटी, कमळाच्या पाकळ्या जिथं खरोखरच परत परत येतात, तिथं क्लोन शोभतो. चेहऱ्याला, हाताला, नजरेला तो शोभत नाही.

अजिंठ्याची कॉम्प्युटरवरची दुरुस्ती हे कल्पनेतलं काम नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत मंद उजेडात चित्रांचे फोटो काढले आणि त्यांतले गेलेले भाग अभ्यास करून पडद्यावर भरायला घेतले. अभ्यास म्हणजे त्याच काळातलं दुसरं शिल्प, दुसऱ्या चित्रातला तसाच दागिना, तशीच बोटांची ठेवण. गिलपासून सेकोनींपर्यंत जे कुणाला साधलं नव्हतं ते इथं साधलं. भिंतीला हात न लावता दुरुस्ती. चुकलं तर फाइल पुसा, पुन्हा करा. भिंत आहे तशी आहे.

आपल्या घरात मात्र नेमकं उलटं होतं, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. दुरुस्त केलेला चकचकीत फोटो आला की जुना फाटका फोटो फेकून देतात, नाहीतर फ्रेमवाल्याकडेच राहतो. आपण भिंत पाडतो आणि प्रत ठेवतो.

आमच्या ओळखीत एका घरी आजीचा एकच फोटो होता, जत्रेतल्या पडद्यासमोर काढलेला. पाणी लागून त्याला काळे ठिपके पडले होते. स्टुडिओतल्या पोरानं मेहनतीनं सगळे ठिपके पुसले. त्यात कपाळावरचं गोंदणही पुसलं आणि हनुवटीवरचा ठिपकाही. त्याला ते डागच वाटले. त्याचा काय दोष, त्यानं गोंदलेली बाई जवळून कधी पाहिली असेल? फोटो घरी आला, सगळ्यांना आवडला. नातवंडं आता आजीला बिनगोंदणाचीच ओळखतात. जत्रेतला तो जुना फोटो शोधला, मिळाला नाही. आजीच्या धाकट्या बहिणीला विचारलं तेव्हा तिनं स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं, इथं तीन ठिपके होते म्हणाली.

याची दुसरी बाजू काळी आहे. ज्या ब्रशनं आजीचा काठ जुळतो त्याच ब्रशनं एखाद्या मुलीचा चेहरा भलत्याच अंगावर बसवला जातो. कर्ज देणारी काही ॲपं हप्ता चुकला की असे फोटो करून नातेवाइकांना पाठवतात. गटातल्या बायका हे सांगताना आवाज खाली घेतात. असं झालं तर तो गुन्हा करणाऱ्याचा, फोटोतल्या बाईचा नव्हे. घाबरून काही पुसू नका. आलेला मेसेज, नंबर, तारीख, सगळं तसंच ठेवा, आणि चेहरा ज्या फोटोतून उचलला तो तुमचा मूळ फोटो शोधून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की तीच नजर, तीच मान, तोच उजेड दिसतो आणि चोरी कुठून झाली ते उघड होतं. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि १९३० हा मदतीचा नंबर आहे.

घरातले जुने फोटो दुरुस्तीला देणार असाल, तर फोटोवाल्याला आधी आहे तसा, डागांसकट, स्कॅन करून ती फाइल वेगळी द्यायला सांगा. तेवढ्याचे पैसे फार पडत नाहीत. मग दुसऱ्या प्रतीवर काय हवं ते करून घ्या, कोट घाला, निळं आभाळ लावा, मला काही म्हणायचं नाही. मूळ फोटो परत घ्या, आणि मागे मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, अंदाजे साल लिहा. बॉलपेनानं लिहू नका, त्याचा वळ पुढं उमटतो. आणि दुकानात जाताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या. डाग कुठला आणि गोंदण कुठलं हे त्या खुर्चीवर बसलेल्या पोराला तीच सांगू शकते.